अंगाची आठवण

डॉक्टरांनी माझं नाव इतक्या वर्षांत एकदाही बरोबर घेतलं नाही. कधी मी शैला असायची, कधी शालिनी, आणि एका पावसाळ्यात तर महिनाभर कमल होते. यातलं एकही माझं नाव नाही. सुरुवातीला मी दुरुस्त करून बघितलं, मग नाद सोडला. हाक कुठल्याही नावाने आली तरी ती मलाच असायची, कारण भोरच्या त्या दवाखान्यात दुसरी सिस्टर नव्हतीच.

माझा डावा हात मात्र त्यांना पाठ होता. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातावर मांटूची सुई टोचली, दोन दिवसांनी डोळे मिटून त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लहानपणी घरात कोणीतरी खोकत होतं. तुझ्यापेक्षा बरंच मोठं माणूस. तू त्याच्या अंथरुणात झोपायचीस."

वरवे बुद्रुकला आमच्या घरी आजोबा खोकत होते आणि मी त्यांच्याच वाकळेत झोपायचे. मी हे भोरमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारा हात बघणारा ज्योतिषी दिसतोय. आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

ज्योतिष वगैरे काही नव्हतं, हे पुढे कळलं. मांटूच्या सुईत क्षयाच्या मेलेल्या जंतूंचा अर्क असतो, अगदी थेंबभर. तो कातडीच्या आत सोडायचा आणि दोन दिवस वाट बघायची. अंगाची त्या जंतूशी पूर्वी कधी गाठ पडली असेल तर तिथं टणक फुगवटा उठतो. पडली नसेल तर कातडी कोरी राहते. आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी खोकलेलं असतं, म्हणून बऱ्याच जणांचं उठतं. उठलं म्हणजे आजार आहे असं नव्हे. अंगाला ओळख आहे, एवढंच. डॉक्टरांची सारी हयात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ही ओळख ठेवणाऱ्या पेशी बघण्यात गेली होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधल्या या टी पेशी. एकदा शत्रू बघितला की त्या जन्मभर विसरत नाहीत, असं ते सांगायचे. सांगताना आवाज इतका हळू व्हायचा की वाटायचं, पेशींना ऐकू जाऊ नये म्हणून जपतायत.

"डोकं विसरलं तरी चालतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "अंगाला आठवण असते."

त्यांचं डोकं फार विसरायचं. न्हाव्याच्या दुकानात चपला विसरून अनवाणी दवाखान्यात यायचे. जेवलो की नाही, हे मला विचारायचे. पण रायरेश्वराच्या बाजूची कुठलीशी बाई दोन वर्षांनी दवाखान्याच्या पायरीवर दिसली की तिच्या तोंडाकडे न बघता आधी तिचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "हां, तुम्ही! तुमचं मोठं उठलं होतं, वर फोड आला होता." बाईला अगदी माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

निवृत्त झाल्यावर ते भोरला का आले, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. एका ट्रस्टचा दोन खोल्यांचा दवाखाना नीरेच्या काठाजवळ होता, तिथं ट्रस्टला डॉक्टर हवा होता. पगार सांगण्यासारखा नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "इथं सकाळी धुकं फार छान पडतं." मी म्हटलं, धुकं काय पुण्यात पडत नाही? तर म्हणाले, "पडतं. पण तिथं मला खिडकी नव्हती."

खिडक्यांचं त्यांना वेड होतं. क्षयाचा जंतू बंद खोलीत तरंगत राहतो आणि वाऱ्यावर उधळून जातो. त्यामुळे आमच्या दवाखान्याची दारं-खिडक्या बारा महिने सताड उघडी. थंडीत पेशंट घोंगडी पांघरून बसायचे, मी स्वेटरवर स्वेटर चढवायचे, आणि डॉक्टर मध्ये पातळ सदऱ्यात, केस उडतायत, डोळे अर्धे मिटलेले, कुणाचा तरी हात हातात. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघं मिळून डुलकी काढतायत. कधीकधी तसंच असायचं.

राहायचे ते बेकरीवाल्या चाचांच्या माडीवर. चाचांचं सारं कुटुंब पिढ्यान्पिढ्या भोरचं आणि माणूस मोठा प्रेमळ, पण एका सकाळी दवाखान्यात आले ते हातातला पाव तसाच घेऊन.

"डॉक्टरसाहेब, माडीच्या खिडकीची दारं कुठं गेली?"

"पलंगाखाली आहेत."

"ती का म्हून?"

"काढली. हवा अडत होती."

"आवो, हवा येतीय तशी मांजरं बी येत्यात! रातच्याला चार बसली हुती तुमच्या उशाला, म्या बघितली."

"मांजरांना क्षय फार क्वचित होतो," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच वाटलं की चाचांना मांजरांची काळजी आहे. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी चाचांकडे बघितलं, आणि तो विषय तिथंच संपला. पुढे चाचा मांजरांसाठी रोज वाटीभर दूध माडीवर पाठवायला लागले.

चाचांच्याच हातून एकदा घोळ झाला, तोही प्रेमापोटी. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. क्षयाच्या जोडीला एचआयव्ही आहे का, हे आता बघावं लागत होतं, आणि ज्याला आहे त्याच्या टी पेशी किती उरल्यात हे मोजायला रक्त पुण्याला पाठवावं लागायचं. त्या पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत. त्यांना बर्फ चालत नाही, ऊन चालत नाही, उशीर चालत नाही. डॉक्टर त्या नळ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून, वर हात धरून, स्वतः एसटीने घेऊन जायचे. अंड्यावर बसलेली कोंबडी जशी कुणाला जवळ येऊ देत नाही, तसे ते खिडकीशी बसायचे. कंडक्टरने खांद्याला हात लावला तरी दचकायचे. एकदा एसटीला उशीर होता म्हणून ते चाचांकडे चहाला थांबले, नळ्या क्षणभर फळीवर ठेवल्या, आणि चाचांनी "रक्त हाय, नासंल" म्हणून त्या उचलून आइस्क्रीमच्या पेटीत ठेवल्या. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त दिवसभर चहा घेतला नाही. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "शैला, एवढ्या लांबून आल्या होत्या बिचाऱ्या." त्या पेशींचं त्यांनी सुतकच पाळलं म्हणा ना.

आता पालीची गोष्ट सांगते. डॉक्टर आठवले की मला पालीच आठवते, आणि पाली आठवली की ओटीवर पडलेलं कोवळं ऊन.

पाली राजगडाच्या पायथ्याला. भोरहून नसरापूरला जायचं, तिथं वेल्ह्याची एसटी धरायची, फाट्यावर उतरून पुढं चालायचं. गडावर जाणारी पोरं तिथल्या घरांतून पिठलं-भाकरी खाऊन वर जातात. अशाच एका घरात हौसाबाई आणि तिची सून मंगल राहायच्या. हौसाबाईचा एकुलता मुलगा हमरस्त्याजवळच्या एका कारखान्यात होता. तो घरी आला तो खोकतच, आणि महिन्याभरात गेला. क्षयाने, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. ज्या घरात क्षयाने माणूस गेलं त्या घरातल्यांचे आणि शेजाऱ्यांचे हात बघायचे, हा डॉक्टरांचा नेम. म्हणून आम्ही दोघं तिथं गेलो, सगळ्यांना सुया टोचल्या आणि परतलो.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो तर ओटीवर सगळे ओळीने बसलेले, आणि एकूण एक डावा हात कोपरापर्यंत पिवळाधमक. हौसाबाईने सगळ्यांना हळद-चुन्याचा लेप घातला होता.

"पोरं खाजवत हुती," ती म्हणाली. "सुजलं हुतं की समद्यांचं. म्हनलं, तुमी येस्तवर बरं करून ठिवावं."

मला हसावं की रडावं कळेना. एवढी पायपीट करून आम्ही सूज बघायला आलो, आणि हिने ती उतरवायला घेतलेली. डॉक्टरांनी मात्र चिडायच्या ऐवजी घमेलंभर कोमट पाणी मागितलं. ओटीच्या कडेला बसून त्यांनी एकेकाचा हात स्वतः धुतला, सावकाश, देवाच्या टाकासारखा. मग डोळे मिटून अंगठा फिरवायचा. लेपाने सूज काही पळाली नव्हती. शेजारच्या पोरांचं उठलं होतं, त्यांच्या आईचं उठलं होतं, हौसाबाईचं तर बत्ताशाएवढं होतं.

शेवटी मंगलचा हात. तो धुतला, पुसला, अंगठा फिरला. एकदा, पुन्हा, आणि मग तिथंच थांबला. कातडी कोरी होती.

ओटीवर आनंदीआनंद झाला. तिकडे लोकांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं की ज्याचं उठत नाही तो पास. हौसाबाई आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवत म्हणाली, "माजी सून तेवढी चोख निघाली बगा. तिला काय बी न्हाई."

डॉक्टरांनी गूळ तोंडात टाकला नाही. मंगलचा हात त्यांनी सोडलाच नाही. ज्या घरात नवरा महिनाभर खोकत मेला, ज्या घरात सासूचा हात एवढा उठलाय, तिथं उशापायथ्याला बसलेल्या बायकोच्या अंगाला त्या जंतूची ओळखच नसावी? मला ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. मंगलला संध्याकाळी ताप यायचा. गालाची हाडं वर आली होती. आणि हात म्हणत होता, मला काही आठवत नाही.

तिला बाजूला बोलावून, समजावून, विचारून आम्ही रक्त आणि थुंकी तपासायला घेतली. क्षयही होता आणि एचआयव्हीही होता. टी पेशी इतक्या थोड्या उरल्या होत्या की डॉक्टरांनी तो आकडा मला मोठ्याने वाचू दिला नाही. मंगल रडली नाही. एवढंच म्हणाली, "आत्याबाईंना मी सांगन. गावात नगा सांगू. कुनी आमच्या हातचं खानार न्हाई मग." हौसाबाईने ते ऐकून घेतलं आणि रात्रीच्या भाकऱ्या थापायला बसली, असं मंगलने नंतर सांगितलं. मला वाटतं, मुलगा गेला तेव्हाच त्या बाईला सगळं समजलं असावं.

आधी क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. ताप उतरला, मंगल भाकरी खायला लागली. काही आठवड्यांनी पुण्याच्या सरकारी दवाखान्यातून एचआयव्हीची औषधं मिळाली. ती नुकतीच फुकट मिळायला लागली होती. डॉक्टर तिला घेऊन स्वतः गेले. येताना एसटीत गाणं गुणगुणत होते म्हणे, आणि शेजारच्या प्रवाशाचा हात चाचपडून बघत होते.

आणि महिना व्हायच्या आत निरोप आला की मंगल मरायला टेकलीय.

आम्ही गेलो तेव्हा ती ओटीवर वाकळेत पडली होती. अंग तापलेलं, आणि मानेला दोन्ही बाजूंनी लिंबाएवढ्या गाठी. हौसाबाई पायरीवर उभी राहिली, आम्हाला वर येऊच देईना.

"बरी हुती माजी सून. चालती-फिरती हुती. तुमच्या त्या नव्या गोळ्यांनी उफाळलं हे समदं. गोळ्या म्या कालच बंद केल्या. तांदळाच्या कणगीत खोल घातलाय डबा. आता न्हाई द्यायच्या."

डॉक्टर तिला ओलांडून गेले, मंगलपाशी बसले, तिचा श्वास बघितला, पाणी गिळायला लावलं, मानेच्या गाठी हलक्या हाताने चाचपल्या. आणि हसले. अगदी तोंडभर हसले.

मला संताप आला. हौसाबाईचं तर विचारूच नका.

"माजी पोर मरतीया आन ह्यो म्हातारा हसतोय!"

"आजी," डॉक्टर म्हणाले, "बसा. तुमच्या लहानपणी गावात रात्री पहारा द्यायला जागल्या होता?"

"हुता की. मंग?"

"तसे अंगात जागले असतात. क्षयाचा चोर घरात शिरला की ते ओरडतात, काठ्या घेऊन धावतात. तुमचा हात उठला ना, तो त्यांचा आरडाओरडा. मंगलच्या अंगात दुसरा आजार शिरला, त्याने आधी जागलेच मारले. म्हणून तिच्या हातावर काही उठलं नाही. चोर घरभर होता, पण ओरडायला कोणी उरलंच नव्हतं. तुम्हाला वाटलं, गाव शांत आहे."

हौसाबाई पायरीवरच खाली बसली.

"नव्या गोळ्यांनी जागले परत यायला लागले असतील, तर ते आता काय बघतायत? घराघरात चोर. मग दंगा होणारच. हा ताप, ह्या गाठी, हा तो दंगा असेल."

"असंल?" हौसाबाईने नेमका तो शब्द पकडला. "म्हंजी तुमाला ठाव न्हाई?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरंही असू शकतं. क्षयाचं औषध तिला लागू पडत नसेल, आणि आजारच वाढत असेल. वरून दोन्ही सारखंच दिसतं."

"आन जागलेच असले, आन त्यांनी माजंच घर पाडलं तर?"

डॉक्टरांनी मंगलची सरकलेली वाकळ नीट केली. "पडू शकतं," ते म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ डॉक्टर बघितले. पेशंटच्या माणसाला असं उत्तर देणारा दुसरा बघितला नाही. खोटं बोलले असते तर तिने कदाचित तेव्हाच ऐकलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना बोल लावत होते.

हौसाबाई जात्याजवळ जाऊन बसली. "मला हिच्याबिगार कुनी न्हाई," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "ल्योक गेला. ही ऱ्हायली. मला तुमचं खरं वाटाया पायजे का न्हाई?"

"पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "मंगलचा हात पुन्हा बघू. तेव्हा कोरा होता. जागले आले असतील तर आता उठेल. उठलं तर डबा बाहेर काढायचा. नाही उठलं, तर मी म्हणतो ते चुकलं, मग तिला पुण्याला न्यायचं आणि दुसरं काय ते शोधायचं. तोवर क्षयाच्या गोळ्या मात्र चुकवू नका."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, सूज उतरायची गोळी आताच द्या ना, दोन दिवस तिला कशाला तळमळत ठेवता? ते म्हणाले, "ती दिली की हात उठणार नाही. मग आजींना दाखवायला काही राहणार नाही, आणि डबा कणगीतच राहील." मग थोड्या वेळाने म्हणाले, "श्वासाला जराही त्रास झाला तर कशाचीही वाट बघायची नाही. तू तिच्याजवळच बस, शालिनी."

सुई टोचली. घरी फोनवरून निरोप धाडला आणि मीही तिथंच राहिले.

ते दोन दिवस मला स्वप्नात बघितल्यासारखे आठवतात. सकाळी गड धुक्यात नाहीसा व्हायचा. अंगणापलीकडे काहीच उरायचं नाही, फक्त कोंबड्यांचा आवाज आणि कुठून तरी गुरांच्या घंटा. मग धुकं विरायला लागलं की गडाची एखादीच कडा वर दिसायची, खाली पाय नसलेली. डॉक्टर ओटीच्या खांबाला टेकून तिकडे बघत राहायचे. "रक्तातही असंच असतं," ते म्हणायचे. "त्या पेशी काही धावत नाहीत. सावकाश फिरतात, जे भेटेल त्याला हात लावून बघतात. ओळखीचं आहे का, ओळखीचं आहे का, असं करत." मला वाटलं, हे तर ते स्वतःबद्दलच सांगतायत.

गडावर जाणारी पोरं पिठलं-भाकरी विचारत यायची. हौसाबाई त्यांना हातानेच परत पाठवायची. डॉक्टरांनी एका घोळक्याला चहा करून दिला, साखर घालायची विसरले, आणि कप घेणाऱ्या प्रत्येक पोराचा हात उलटा करून बघितला. पोरं बिचारी चहा न पिताच गडावर पळाली.

दुसऱ्या दिवशी मंगलच्या हातावर थोडी लाली होती. हौसाबाई बघायला वाकली तर डॉक्टरांनी तिला थांबवलं. "आज नाही. आणि डोळ्यांनी नाही. डोळे लाली बघून फसतात." मग त्यांनी हौसाबाईचा अंगठा धरला आणि तिच्याच जुन्या, अजून टणक राहिलेल्या डागावर ठेवला. "डोळे मिटा. बाहेरून आत या. सावकाश. कातडी मऊ, मऊ, मऊ, आणि मग बोटाला काठ लागतो. लागला?"

"लागला," हौसाबाई म्हणाली. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा मऊ झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर ऊन आलं. मंगलला उन्हात निजवलं होतं. हात बघायची वेळ अजून व्हायची होती, आणि डॉक्टर खांबाला टेकून चक्क झोपले होते, तोंड थोडं उघडं, मांडीवर कुणाचं तरी मांजर. मी चुलीपाशी पाणी तापवत होते. हात कोरा निघाला तर ही बाई पुन्हा कुठल्याच औषधाला घरात घेणार नाही, हे मला दिसत होतं.

हौसाबाई आली आणि मंगलच्या कडेला बसली. तिने सुनेची बाही वर केली. डोळे मिटले. अंगठा मनगटाकडून वर सरकायला लागला, अगदी सावकाश, मुंगीच्या चालीने. मी उठले नाही. हाकही मारली नाही. अंगठा सरकत गेला आणि एका जागी अडला. तिने दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरुवात केली. तिथंही अडला.

ती उठली, घरात गेली, आणि कणगीत खांद्यापर्यंत हात घातल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा केसांना तांदळाचा भुसा लागला होता. पदराने डबा पुसून तिने गोळी काढली, मंगलची मान हातावर घेतली आणि पाणी पाजलं. भांड्याच्या आवाजाने डॉक्टर जागे झाले. एक क्षण त्यांना आपण कुठं आहोत तेच कळेना.

"उठलं?" त्यांनी विचारलं.

"उठलंय," हौसाबाई म्हणाली. "तुमी झोपा आता."

डॉक्टर झोपले नाहीत. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत राहिले, आणि मीही तेच करत होते. मग त्यांनी सूज उतरायची गोळी दिली. "जागल्यांना आता म्हणायचं, जरा दमानं," असं म्हणून. गाठी उतरायला फार दिवस लागले, एक तर फुटून वाहिली. पण मंगल उठली. पावसाळ्याआधी तिने चूल पेटवली आणि गडावरची पोरं पुन्हा पिठलं-भाकरी खायला लागली.

डॉक्टर दर वर्षी स्वतःच्या हातावरही सुई टोचून घ्यायचे. फुगवटा उठला की तो सगळ्यांना दाखवत फिरायचे, चाचांनासुद्धा. शेवटच्या वर्षी मी टोचली. दोन दिवसांनी त्यांनी अंगठा फिरवला, बाही खाली केली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता हेही विसरायला लागलंय." मी म्हटलं, वय झालं, असं होतं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या रक्तातच आजार निघाला आणि उन्हाळ्यात ते गेले. चाचांनी माडीची खिडकी तशीच ठेवली. मांजरं अजून येतात.

मध्ये बरीच वर्षं गेली. नसरापूरला माहेरच्या एका कार्याला गेले होते, तेव्हा राहवलं नाही म्हणून पालीला गेले. मंगलच्या केसांत पांढरं आलंय, अंगाने चांगली भरलीय. मला बघून तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली. हौसाबाई ओटीवर उन्हात बसली होती, त्याच खांबाशी. मी पाया पडले तर माझ्याकडे बघून हसली, कुणाही पाहुण्याकडे बघावं तशी.

"तुमाला न्हाई वळखायच्या," मंगल म्हणाली. "मला बी वळखत न्हाईत आता. सकाळच्याला इचारत्यात, बाई, तू कुनाची गं? ल्योक गेल्याचं बी इसरल्यात. बरंच हाय म्हना ते."

मग तिने आतून गोळ्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या आणला, सासूच्या समोर बसली, डावी बाही वर केली आणि हात तिच्या मांडीवर ठेवला. मी विचारलं, हे काय?

"रोजचंच हाय," ती म्हणाली. "ह्येच्याबिगार मला गोळी घिऊ देत न्हाईत."

हौसाबाईने डोळे मिटले. तिचा अंगठा मनगटापासून वर निघाला. तिथं आता काही नव्हतं, एक फिकट डाग तेवढा होता. अंगठा सावकाश सरकत त्या डागापाशी आला, थांबला, आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा आला.

"उठलंय," ती मला म्हणाली. "गोळी द्या तिला. कुनाची का असंना."